शहराचा ताळेबंद वाचायला माणसे हवी आहेत

सोलापुरात दोन शेजारी भेटले की पाण्याचा विषय निघतोच. आज येणार की उद्या, पहाटे की मध्यरात्री, किती वेळ, दाब असेल की नाही. शेळगीपासून जुळे सोलापूरपर्यंत प्रत्येकाला आपल्या भागाची पाळी पाठ असते आणि चावीवाला कुठल्या गल्लीतून कधी निघतो तेही ठाऊक असते. पण उजनीतले हजार लिटर पाणी नळापर्यंत आणायला किती रुपये लागतात, त्यातले किती पाणीपट्टीतून वसूल होतात आणि उरलेली तूट कशातून भरली जाते, हे सांगणारा माणूस शोधून सापडत नाही. हा लेख त्या माणसाबद्दल आहे. तो अधिकारी नाही, नगरसेवक नाही. शहराच्या सेवांचा जमाखर्च वाचण्यासाठी विनामोबदला वेळ देणारा नागरिक, एवढीच त्याची ओळख.

अशा नागरिकासाठी आपल्या कायद्यात जागा आहे आणि ती बरीच जुनी आहे. १९४९चा महानगरपालिका अधिनियम सांगतो की, ज्या महापालिकेचा स्वतःचा परिवहन उपक्रम आहे तिथे तेरा सदस्यांची परिवहन समिती असावी. स्थायी समितीचे सभापती तिचे पदसिद्ध सदस्य. उरलेले बारा जण महापालिकेने नेमायचे. प्रशासन, वाहतूक, अभियांत्रिकी, उद्योग, व्यापार, वित्त किंवा कामगारविषयक कामाचा अनुभव असलेल्या व्यक्तींमधून ते निवडायचे, मग त्या नगरसेवक असोत वा नसोत. परिवहनाचे अंदाजपत्रकही स्वतंत्र आणि ते या समितीपुढे येते. म्हणजे शहराच्या एका सेवेच्या तिजोरीवर निवडणूक न लढवलेल्या जाणकार नागरिकांनी लक्ष ठेवावे, असा विचार हा कायदा करणाऱ्यांनी पाऊणशे वर्षांपूर्वी केला होता. सोलापूर महापालिका १९६४ साली झाली. तिची स्वतःची बससेवा आहे, त्यामुळे ही तरतूद आपल्याला थेट लागू पडते.

प्रत्यक्षात काय होते, हे राज्यातल्या कोणत्याही शहरात विचारा. सभागृहातल्या बळाप्रमाणे जागा पक्षांत वाटल्या जातात आणि तिकीट न मिळालेल्या कार्यकर्त्याची तिथे सोय लावली जाते. कार्यकर्ता हुशार असू शकतो, मनापासून काम करणाराही असू शकतो. पण त्याची नेमणूक ज्या कारणासाठी होते ते कारण कायद्यात लिहिलेले नाही. आपल्याकडे केंद्राच्या योजनेतून आलेल्या नव्या बसगाड्यांच्या चेसी तडकल्या आणि त्या आगारात उभ्या राहिल्या, हे सोलापूरकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. खरेदीच्या वेळी हमीची कलमे कोणी वाचली होती? गाडी उभी राहिली तर तिचे दिवसाचे बुडालेले उत्पन्न कोणाच्या खात्यावर जाणार, हे कोणी विचारले होते? असे प्रश्न विचारायला गाडीच्या कारखान्यात काम केलेला एखादा माणूस आणि बँकेत कर्जप्रकरणे तपासलेला एखादा माणूस पुरला असता.

बससेवेसाठी निदान समिती तरी आहे. पाण्यासाठी ती नाही. आणि सोलापुरात पाण्याचा खर्च समजून घेणे हे बससेवेपेक्षा कितीतरी अवघड आहे.

आपले पाणी तीन ठिकाणांहून येते. उजनी धरणातून थेट जलवाहिनीने, भीमेच्या पात्रातून औज बंधाऱ्यात साठवून टाकळीहून आणि हिप्परग्याच्या एकरुख तलावातून. नदीच्या वाटेने शहरासाठी पाणी आणायचे तर धरणातून प्रत्यक्ष गरजेच्या कैक पट पाणी सोडावे लागते. वाटेत ते जिरते, वाफ होऊन जाते, उपसले जाते. म्हणून ११० किलोमीटरची समांतर जलवाहिनी आखली गेली, रोज १७ कोटी लिटरची. वर्षभर रोज १७ कोटी लिटर म्हणजे सुमारे सव्वादोन टीएमसी. उजनीची एकूण साठवण ११७ टीएमसी आहे, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. तेव्हा शहराची तहान धरणाच्या मानाने लहानच आहे. मोठा आहे तो पाणी वाहून आणण्याचा खर्च.

त्या खर्चात वीज सगळ्यात जास्त लक्ष देण्यासारखी आहे. हिशेब कोणालाही करता येतो. हजार लिटर पाणी शंभर मीटर उंच चढवायला, पंप सत्तर टक्के कार्यक्षम असेल तर, सुमारे ०.३९ युनिट वीज लागते. १७ कोटी लिटरसाठी रोज साधारण ६६ हजार युनिट, आणि हे उंची व नळातले घर्षण धरून दर शंभर मीटरमागे. आता तेच पंप झिजून साठ टक्क्यांवर आले असे धरा. त्याच पाण्यासाठी रोज आणखी ११ हजार युनिट, वर्षाला ४० लाख युनिट. अंदाजपत्रकात ही रक्कम 'वीजबिल' या एकाच ओळीत बसते आणि दरवर्षी थोडी वाढलेली दिसते. वाढ वीजदरामुळे झाली की पंपांमुळे, ते त्या ओळीतून कळत नाही. ते कळण्यासाठी कोणीतरी बारा महिन्यांची बिले समोर घेऊन बसावे लागते. पॉवर फॅक्टरचा दंड किती, उशिरा भरल्याचा विलंब आकार किती, वीज स्वस्त असलेल्या तासांत किती उपसा झाला. निवृत्त वीज अभियंत्याला हे काम एका दुपारचे आहे.

वीजबिलापाठोपाठ जलसंपदा विभागाला द्यायची कच्च्या पाण्याची आकारणी येते, मग तुरटी आणि क्लोरीन, पगार, गळती दुरुस्ती, टँकर. जमेच्या बाजूला पाणीपट्टी. तीही बहुतेक घरगुती नळांना मीटरने नाही, जोडणीच्या आकारावर ठरलेली वार्षिक रक्कम. इथे चालू मागणी, मागील थकबाकी आणि वसुली असे तीन आकडे वेगवेगळे पाहावे लागतात. वसुली वाढली अशी बातमी येते तेव्हा ती चालू वर्षाची की जुन्या बाकीची, हे विचारल्याशिवाय त्या बातमीला अर्थ नाही.

माझ्या मते नागरिकांच्या देखरेखीची सगळ्यात जास्त गरज आहे ती 'अंदाजे' या शब्दापाशी. किती पाणी उपसले हे पंपाच्या जागी मोजता येते. किती घरांत पोहोचले हे मीटर नसल्यामुळे अंदाजाने लिहिले जाते. दोन्हींतला फरक म्हणजे गळती, चोरी आणि फुकट गेलेले पाणी. अंदाज जरा सैल धरला की गळती कागदावर कमी होते, आणि ज्या पाण्यासाठी वीजबिल भरले ते नाहीसे होऊनही कोणी जबाबदार राहत नाही.

महाराष्ट्राने हे विजेच्या बाबतीत पाहिले आहे. वीज मंडळ वर्षानुवर्षे वहन आणि वितरणातली हानी माफक असल्याचे सांगत असे. शेतीपंपांना मीटर नव्हते, त्यामुळे न जुळणारी वीज शेतीच्या खात्यावर दाखवता येत होती. महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला, जाहीर सुनावण्या सुरू झाल्या आणि पुण्याची 'प्रयास', मुंबई ग्राहक पंचायत यांच्यासारख्या संस्थांनी मंडळाची आकडेमोड उघडून पाहायला घेतली. २००० सालच्या पहिल्या दरनिश्चितीच्या सुमारास स्पष्ट झाले की खरी हानी सांगितली जात होती त्याच्या जवळपास दुप्पट आहे. पुढे २००३च्या वीज कायद्याने ग्राहकांच्या वतीने बाजू मांडणाऱ्या प्रतिनिधींना अधिकृत स्थान दिले. या मंडळींनी मोर्चा काढला नाही, घोषणा दिल्या नाहीत. त्यांनी तक्ते वाचले आणि प्रश्न लेखी विचारले. पाण्यासाठी शहराच्या पातळीवर असे काम अजून उभे राहायचे आहे.

कोणते आकडे मागायचे, याचीही तयारी झालेली आहे. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी नऊ मापदंड ठरवून दिले. त्यांत माणशी रोज १३५ लिटर पाणी, चोवीस तास पुरवठा, सगळ्या जोडण्यांना मीटर, महसूल न देणारे पाणी वीस टक्क्यांच्या आत, चालवण्याचा खर्च पूर्ण वसूल, मागणीच्या नव्वद टक्के वसुली हे सारे आहे. तेराव्या वित्त आयोगाने तर महापालिकांनी हे आकडे राजपत्रात प्रसिद्ध करावेत, अशी अनुदानाची अट घातली होती. चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या शहराने यांतला कोणता आकडा कसा भरला, हे पाहणे कोणत्याही नागरिकाच्या आवाक्यातले आहे.

कायद्यात आणखी काही जागा आहेत. घटनेच्या ७४व्या दुरुस्तीने तीन लाखांवरील शहरांत प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या. महाराष्ट्रात त्या समित्यांवर स्थानिक संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेता येतात. २००९च्या सुधारणेने क्षेत्रसभेची तरतूद केली, पण ती भरते असे फारसे कोणी पाहिलेले नाही. सोलापूर जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आले. त्या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक शहरात सल्लागार मंच हवा होता, त्यावर करदाते, वस्ती पातळीवरचे संघ, व्यापारी मंडळ यांच्या प्रतिनिधींना स्थान होते. जलवाहिनीसारखे मोठे काम ज्या योजनेतून झाले तिच्यातच नागरिकांच्या डोळ्यांची सोय लिहिलेली होती. योजना मार्च २०२५ मध्ये संपली. त्या मंचाची इतिवृत्ते मागून वाचणे हा शहराच्या इतिहासाचाच अभ्यास ठरेल.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि नंतर जवळपास चार वर्षे प्रशासकांचा कारभार होता. अंदाजपत्रक मांडणारे आणि मंजूर करणारे एकच. मी प्रशासकांच्या हेतूवर शंका घेत नाही, पण त्या काळात प्रश्न विचारण्याची सभागृहाची सवयसुद्धा मोडली. आता निवडून आलेल्या सभागृहाने पहिल्याच वर्षी एक ठराव करावा: पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणाच्या जमाखर्चासाठी नागरिकांची सल्लागार समिती. तिला आदेश देण्याचा अधिकार नको. कागद मागण्याचा, लेखी मत देण्याचा आणि ते मत अंदाजपत्रकाला जोडले जाण्याचा अधिकार पुरे. अमेरिकेत पोर्टलंड शहराने २०१५ मध्ये पाणी व सांडपाणी खात्यांसाठी असेच नागरिक मंडळ नेमले, कारण त्याआधी लोकांचा या खात्यांच्या खर्चावरचा विश्वास उडाला होता. पॅरिसने २०१० मध्ये पाणीपुरवठा खासगी कंपन्यांकडून परत घेतला, तेव्हा नागरिकांच्या निरीक्षण मंडळालाही कारभारात स्थान दिले.

समितीवर कोण असावे? निवृत्त बँक अधिकारी, लेखापाल, अभियंता ही नावे पटकन सुचतात आणि सोलापुरात अशी माणसे भरपूर आहेत. पण एवढ्यावर थांबलो तर समिती अपुरीच राहील. विडी घरकुलातली बाई नळाच्या दिवशी विड्या वळायला बसू शकत नाही. तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. पाण्याची खरी किंमत तिला जितकी कळते तितकी ताळेबंद वाचणाऱ्याला कळत नाही. बचत गटाचे हिशेब चोख ठेवणाऱ्या शेकडो बायका या शहरात आहेत, त्यांना मागणी-वसुलीचा तक्ता समजावून सांगायला दोन बैठका पुरतील. अट एवढीच की बैठक कामाच्या वेळेत नसावी, बसभाडे मिळावे आणि चर्चा मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्यांनाही कळेल अशी व्हावी. विनामोबदला काम म्हणजे ज्याला परवडते त्यानेच करायचे काम, असे होता कामा नये. आणि महापालिकेच्या ठेक्यात स्वतःचा किंवा घरच्यांचा हितसंबंध असलेल्याला तिथे जागा नको, हे ठरावातच लिहावे.

सदस्यानेही एक गोष्ट मनाशी पक्की करावी. आपल्या गल्लीतला फुटलेला नळ दुरुस्त करून घ्यायला ही समिती नाही. ज्या दिवशी सदस्य स्वतःच्या भागाची पाळी बदलून मागेल, त्या दिवशी अधिकारी त्याचे प्रश्न ऐकणे थांबवतील आणि ते योग्यच असेल.

ठराव होईपर्यंत थांबायचे कारण नाही. शासनाच्या २६ नोव्हेंबर २०१८च्या निर्णयानुसार महापालिकांमध्ये दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. मुख्य लेखापरीक्षक आपले अहवाल स्थायी समितीला देतात, तेही मागता येतात. चार-पाच जणांचा गट करा. पहिल्या सोमवारी फक्त पाणीपुरवठ्याची बारा महिन्यांची वीजबिले पाहा, पुढच्या सोमवारी पाणीपट्टीची मागणी व वसुली. जे दिसेल ते आपल्या नगरसेवकाला लेखी द्या आणि पोच घ्या. कायद्याप्रमाणे पुढच्या आर्थिक वर्षाचे करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात; त्यानंतर दिलेल्या सूचनेचा त्या वर्षी उपयोग होत नाही. म्हणून कागद पाहायला दिवाळी झाल्याबरोबर सुरुवात करा.