जॉब एकदाच बांधायचा

आष्टीच्या बाजारपेठेत लेथच्या दुकानावर पाण्याच्या मोटारीचा झिजलेला शाफ्ट भरून आणला, की कारागीर लगेच टूल लावत नाही. शाफ्ट बांधतो, डायल टेकवतो, चक हाताने फिरवतो आणि काटा किती हलतो ते बघत राहतो. मग बेअरिंगच्या दोन्ही सीट एकाच बांधणीत कापून घेतो. मध्येच गिऱ्हाईक म्हणालं, ‘काढून द्या, बेअरिंग बसतंय का बघू,’ तर बेअरिंगच मशीनपाशी आणायला सांगतो. एकदा सोडलेला जॉब पुन्हा होता तसा बसत नाही. कोटीच्या घरातल्या मल्टिटास्किंग सीएनसी लेथची सगळी मातब्बरी याच एका गोष्टीत आहे, आणि ती मशीन घ्यायची की नाही याचा तपासही इथूनच सुरू व्हावा, असं माझं मत आहे.

परतूर तालुक्यातलं आष्टी हे शेतीवर चालणारं मोठं गाव. कापूस, सोयाबीन, गोदाकाठच्या बाजूला ऊस. इथली पोरं आयटीआय करतात, परतूरहून रेल्वे धरतात आणि चिकलठाणा, शेंद्रा, वाळूजला कामाला लागतात. जालन्यात सळईच्या मिला आहेत, पण मायक्रॉनमध्ये मोजायचं काम बहुतेक छत्रपती संभाजीनगरच्या बाजूला. 1985 मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने सुटे भाग करणारे छोटे कारखाने वाढत गेले. अशाच एका कारखान्यात सेटर असलेल्या आष्टीच्या तरुणाने मला मशीनची ट्रायल बघायला बोलावलं. “काका, ब्रोशर नंतर वाचा. आधी जॉब बघा,” हे त्याचं पहिलं वाक्य.

जॉब दिसायला साधा होता. पोलादी शाफ्ट, त्यावर 25 मिलिमीटरची सीट, एका टोकाला खाच, दुसऱ्या टोकाजवळ तिरकं तेलाचं भोक. सीटला सहाव्या प्रतीची सूट, म्हणजे या व्यासाला फक्त 13 मायक्रॉन. शिवाय खाच आणि भोक यांच्यातला कोन ठरलेला. आज हा जॉब तीन वेळा बांधला जातो. दोन ॲक्सिसच्या सीएनसीवर एक बाजू, उलटा करून दुसरी, मग व्हीएमसी या मिलिंगच्या मशीनवर फिक्स्चरमध्ये खाच आणि भोक. सॉफ्ट जॉ कितीही नीट बोअर करून घेतले, तरी दर बांधणीला जॉब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा इकडेतिकडे सरकणं नित्याचंच. तीन मशीन चांगल्या, तिघं माणसं चांगली, तरी रिजेक्शन येतं. दोष मशीनच्या आत नसतो, दोन मशीनच्या मधल्या ट्रेमध्ये असतो.

नव्या मशीनमध्ये बार आत येतो आणि मुख्य स्पिंडलवर टर्निंग होतं. मग तोच स्पिंडल ठराविक कोनात येऊन लॉक होतो. समोरचं टूल स्वतः फिरायला लागतं, खाच कापतं, मग डोकं कलवून तिरकं भोक पाडतं. त्यानंतरचा क्षण मी डोळ्यांत तेल घालून बघितला. समोरून सब-स्पिंडल पुढे सरकतो. मुख्य स्पिंडल ज्या वेगाने फिरतोय त्याच वेगाने आणि त्याच कोनात तोही फिरत असतो. तो जॉब पकडतो, पार्टिंग टूल बार तोडतं आणि मागची बाजू कापायला जॉब पलीकडे जातो. माणसाचा हात मध्ये येत नाही, त्यामुळे कोन हरवत नाही.

फिरत्या बारवर एकामागून एक कामं आपोआप व्हावीत, ही हौस जुनी आहे. महाराष्ट्रातल्या औद्योगिक वसाहतींत ‘ट्रॉब’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जर्मन पद्धतीच्या ऑटो लेथ ते काम कॅमच्या जोरावर करत आल्या. 1952 मध्ये अमेरिकेत एमआयटीने आकड्यांवर चालणारी मिलिंग मशीन दाखवली आणि कॅमची जागा हळूहळू प्रोग्रामने घेतली. पण ट्रॉब अजून मेलेल्या नाहीत, आणि याचा विचार खरेदीच्या वेळी करावाच लागतो. एकच पिन लाखांनी हवी असेल तर तिथे मल्टिटास्किंग मशीन शोभेची ठरेल. तिची खरी जागा जॉबचे प्रकार पुष्कळ, लॉट लहान आणि पृष्ठभागांची एकमेकांशी नाती कडक असतील, अशा ठिकाणी.

विक्रेत्याकडे दाखवायचे सुंदर जॉब तयार असतात. ते बघून घ्यावेत आणि बाजूला ठेवावेत. आपला जॉब, आपलं मटेरियल आणि आपल्याला परवडणारे इन्सर्ट घेऊन सलग 50 नग काढायला सांगावेत. मधे ऑफसेटला हात लावायचा नाही, इन्सर्ट बदलायचा नाही, नग निघाले त्याच क्रमाने मोजायचे. वाहन उद्योगातली गिऱ्हाइकं मशीनच्या क्षमतेसाठी बऱ्याचदा 1.67 हा आकडा मागतात. आपल्या सीटपुरता त्याचा अर्थ असा, की 13 मायक्रॉनच्या जागेत सगळ्या जॉबची पसरण साधारण 8 मायक्रॉनमध्ये मावली पाहिजे. सगळे नग मापात आले म्हणून खूश व्हायचं नाही, कसे पसरले ते बघायचं. क्रमाने लिहिलेली मापं एका दिशेने सरकत असतील, तर मशीन तापते आहे किंवा टूल झिजतं आहे.

तापण्याचा मुद्दा आपल्याकडे फार गंभीरपणे घ्यायला हवा. मापाचं जागतिक तापमान 20 अंश. वाळूजच्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यातल्या दुपारी ते कुठून आणणार? पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. मशीनमधून निघालेला जॉब टेबलावरच्या मास्टरपेक्षा 10 अंशांनी गरम असेल, तर 25 मिलिमीटरवर जवळपास 3 मायक्रॉनची फसगत होते, म्हणजे सुटीचा पाव भाग हवेत गेला. विक्रेत्याच्या थंडगार हॉलमधली ट्रायल ही बाब दाखवत नाही. सकाळी थंड मशीनवरचा पहिला नग आणि जेवणाच्या सुट्टीत उभी राहून पुन्हा सुरू झालेल्या मशीनवरचा पहिला नग, हे दोन मला सगळ्यांत बोलके वाटतात.

सेटरचं लक्ष मात्र दुसरीकडेच होतं. तो सब-स्पिंडलच्या जॉकडे टॉर्च धरून उभा होता. चिप लांब निघाली, तिचं जाळं झालं आणि एक तुकडा जॉ आणि जॉबच्या मधे अडकला, की समोरच्या बाजूची सगळी करामत वाया. तिथली हवेची फुंक पुरेशी आहे का, हे त्याने विचारलं. लांब ड्रिल लावल्यावर कललेलं डोकं सब-स्पिंडलच्या चकला आपटेल का, हे आमचेच होल्डर घालून संगणकावर दाखवा, असंही त्याने सांगितलं. हे प्रश्न कुठल्या पत्रकात नसतात. मशीनवर रात्रपाळी काढलेल्या माणसालाच ते सुचतात.

आता हिशेब. समजा मशीन दीड कोटीची, महिन्याला 400 तास चालते आणि सात वर्षांत पैसे वसूल करायचे. व्याज सोडूनही तासाला साधारण 446 रुपये पडतात. 25 लाखांच्या साध्या सीएनसीला त्याच हिशेबाने 74. म्हणजे महागड्या स्पिंडलवर फेसिंगसारखं सोपं काम करणं हा तोटाच. दुसरी गोष्ट अनेकांच्या नजरेतून निसटते. वरचं एकच डोकं दोन्ही स्पिंडलला टूल पुरवत असेल, तर एका बाजूचं काम चालू असताना दुसरी बाजू थांबलेली असते आणि दोन्हींचा वेळ बेरजेत धरावा लागतो. खाली स्वतंत्र टरेट असला तरच दोन्हीकडे एकाच वेळी कटिंग होतं. शिवाय तीन मशीनपैकी एक बंद पडली तर उरलेल्या दोन काहीतरी काढतात. इथे ती एक थांबली, की सगळा जॉब थांबला. म्हणून पार्ट किती तासांत मिळेल, सर्व्हिसचा माणूस कोणत्या शहरातून येईल आणि कंट्रोलला लागणारा पोस्ट-प्रोसेसर किमतीत धरला आहे का, हे लेखी घ्यावं.

या कारखान्याने ऑर्डर लगेच दिली नाही. मालकांनी सेटरला शेजारी बसवून अटींचा कागद केला. अंतिम स्वीकृती विक्रेत्याच्या हॉलमध्ये नाही, वाळूजच्या शेडमध्ये. 50 नगांची ट्रायल दोनदा, एकदा पहाटेच्या शिफ्टला थंड मशीनवर आणि एकदा दुपारी तीननंतर. प्रोग्रामिंगचं प्रशिक्षण इंजिनिअरबरोबर दोन्ही पाळ्यांच्या ऑपरेटरना, आणि ते मराठीतून. ही शेवटची अट सेटरने घालायला लावली. मालकांनी ती आपल्या हाताने लिहिली आणि कागद विक्रेत्याकडे पाठवून दिला.