काविळीचं औषध, नशेची तपासणी

अमेरिकेत २०२० पासून रोगनियंत्रण केंद्राची शिफारस आहे की १८ वर्षांवरच्या प्रत्येकाने एकदा तरी हेपेटायटिस सी या विषाणूमुळे होणाऱ्या यकृताच्या आजाराची तपासणी करून घ्यावी. त्यामुळे तिथे स्थायिक झालेल्या आपल्या एखाद्या काकांना साध्या वार्षिक तपासणीतही हा आजार असल्याचं कळू शकतं. हा विषाणू रक्तातून पसरतो, आणि त्याचा शोधच १९८९ सालचा. त्याआधी रक्त चढवलं असेल, तर ते तपासलेलं असणं शक्यच नव्हतं.

पहिल्या तपासणीत अँटीबॉडी, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रथिनं सापडतात. त्यावरून विषाणू कधीतरी येऊन गेला एवढंच कळतं. तो आजही रक्तात आहे का, हे आरएनए चाचणी सांगते. ती पॉझिटिव्ह आली की उपचार ठरतात. रोज गोळ्या, बहुतेकांना ८ किंवा १२ आठवडे. शंभरातले पंच्याण्णवांहून अधिक रुग्ण बरे होतात.

इथवर सगळं सोपं. औषधाच्या दुकानात मात्र कळतं की ‘प्रायर ऑथरायझेशन’ लागेल. म्हणजे औषध मिळण्याआधी विमा कंपनीची लेखी मंजुरी. त्या अर्जात काही योजना लघवीतल्या अमली पदार्थांच्या चाचणीचा अहवाल मागतात. आयुष्यात कधी दारूला न शिवलेल्या माणसालाही तो द्यावा लागू शकतो. आपल्यावर कुणी आरोप केलाय असं समजू नये.

ही अट आली पैशातून. २०१३ च्या डिसेंबरात सोफोस्बुविरला मान्यता मिळाली, तेव्हा एका गोळीची किंमत १,००० डॉलर होती. १२ आठवड्यांचे ८४,००० डॉलर. खर्च आवरायला विमा कंपन्यांनी आणि गरिबांसाठीच्या मेडिकेड या सरकारी योजनेने अटी घातल्या: यकृत बरंच खराब झालेलं हवं, औषध तज्ज्ञानेच लिहिलेलं हवं, आणि रुग्ण तीन महिने, सहा महिने, कुठे वर्षभर दारू-नशेपासून दूर हवा. या शेवटच्या अटीला वैद्यकीय आधार नाही. यकृततज्ज्ञांची आणि संसर्गरोगतज्ज्ञांची अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की नशा चालू आहे म्हणून उपचार नाकारू नयेत. सुया वाटून वापरणाऱ्यांमध्येच हा विषाणू सर्वाधिक पसरतो. त्यांनाच थांबवून ठेवणं मला सरळ अन्याय वाटतो. २०१५ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने राज्यांना अशा अटींबद्दल इशारा दिला. २०२२ च्या डिसेंबरात अपंग हक्क कायद्याखालच्या समझोत्यानुसार अलाबामाच्या मेडिकेडने नशेपासून दूर राहण्याची अट काढली. अनेक राज्यांतून ती गेली, तरी सगळीकडून गेली असं धरून चालू नये.

म्हणून पहिलं काम असं: योजनेचे लेखी निकष मागवावेत. चाचणी लागते का, आणि किती दिवसांच्या आतला अहवाल चालतो, ते पाहावं. अर्ज इथेच जास्त अडकतात. तारीख जुनी, एक रकाना रिकामा, की कागद परत.

चाचणीच्या दिवशी हातात प्लास्टिकचा पेला मिळतो. त्याच्या बाजूला तापमानाची पट्टी असते. नमुना ताजा आहे का, हे चार मिनिटांच्या आत तिच्यावरून पाहिलं जातं. घरून भरून आणलेला किंवा पाणी घातलेला नमुना लक्षात येतो.

आता आपल्या स्वयंपाकघरातली एक गोष्ट. खसखस अफूच्याच झाडाचं बी. खसखशीवर थापलेले अनारसे किंवा खसखशीची खीर खाल्ली, तर लघवीत मॉर्फिन दिसू शकतं. चाचणीआधी तीन-चार दिवस खसखस टाळावी. सर्दीवरचं स्यूडोएफेड्रिनही कधीकधी अँफेटामिनसारखं दिसतं, म्हणून घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी आधीच द्यावी.

तरीही निकाल पॉझिटिव्ह आला तर घाबरू नये. पहिली चाचणी झटपट असते, तिची चूक होऊ शकते. मास स्पेक्ट्रोमेट्रीने पडताळणी करून मागावी. ही पद्धत नेमका पदार्थ ओळखते.

नशामुक्तीसाठी मेथाडोन किंवा बुप्रेनॉर्फिन चालू असेल, तर अर्ज मंजूर व्हावा म्हणून ते कधीही बंद करू नये. तो उपचार आहे. डॉक्टरांनी तसं अर्जात लिहावं.

नकार आला, तर नकाराचं पत्र फेकू नये. कारण आणि मुदत त्यातच असते. बहुतेक खासगी योजनांत अपिलाला १८० दिवस मिळतात. मेडिकेडच्या विमा कंपन्यांकडे साधारण ६० दिवस. डॉक्टरांचं पत्र, मार्गदर्शक तत्त्वांचा उल्लेख आणि यकृताचे अहवाल सोबत जोडावेत. खासगी योजनेने पुन्हा नाही म्हटलं, तर कंपनीबाहेरच्या तज्ज्ञांकडून फेरतपासणी मागता येते. मेडिकेडमध्ये राज्याकडे सुनावणी मागता येते.

गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा आरएनए चाचणी होते. विषाणू सापडला नाही, तर आपण बरे झालात. तो अहवाल जपून ठेवावा, कारण अँटीबॉडीची चाचणी यापुढेही पॉझिटिव्हच येत राहील.