उपकल्पनीयातील दरिद्री रुग्ण आणि सेवाग्रामचा धडा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधरावा अध्याय, म्हणजे उपकल्पनीय, आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत वमन-विरेचनाच्या पूर्वतयारीसाठी अभ्यासलेला आहे. आतुरालय कसे असावे याचे तपशीलवार वर्णन त्यात येते. वास्तू दृढ असावी, वाऱ्याच्या झोतापासून सुरक्षित पण एका बाजूने हवा खेळती असावी, धूर, ऊन व धूळ यांचा उपद्रव तेथे नसावा. पाणी, उखळ-मुसळ, शौचकूप, स्नानगृह व पाकशाळा यांची सोय असावी. स्वयंपाकी, अंग चोळणारे, औषधे कुटणारे, एवढेच नव्हे तर गाणारे व कथा सांगणारे परिचारकही आचार्यांनी सांगितले आहेत. परीक्षेत यावर टीप लिहिली की बहुधा तो अध्याय आपल्यापुरता मिटतो.

परंतु त्याच अध्यायात पुढे आचार्य एक महत्त्वाचे वळण घेतात. हा सर्व संभार राजासाठी, राजतुल्यासाठी अथवा विपुल द्रव्य असणाऱ्यासाठी होय, असे स्पष्ट करून ते दरिद्री रुग्णाचा विचार करतात. साधने सर्वांजवळ नसतात, पण दारुण रोग मात्र गरिबालाही गाठतात. तेव्हा दुर्लभ सामग्री जमण्याची वाट न पाहता, शक्य असेल त्या साधनांनी त्याचे शोधन करावे, असा त्या विवेचनाचा आशय आहे. ज्या अध्यायात रुग्णालयाचा आराखडा आहे, त्याच अध्यायात गरीब रुग्णाची तरतूद आहे, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. गरिबाचा विचार येथे आराखड्याचाच भाग आहे. मागाहून जोडलेले ते धर्मादाय खाते नव्हे.

आज वैद्यकीय शिक्षणाच्या क्षेत्रात ‘विविधता’ आणि ‘आरोग्यसमता’ हे दोन शब्द वारंवार ऐकू येतात. शिक्षणसंस्था आणि तिला संलग्न रुग्णालय यांत समाजाच्या सर्व स्तरांतील विद्यार्थी, अध्यापक व रुग्ण असावेत, आणि ज्याची गरज अधिक त्याच्यापर्यंत सेवा अधिक पोहोचावी, हा त्यांचा आशय. सर्वांना केसपेपर एकाच दरात मिळणे ही समानता झाली. ज्याला तो केसपेपर काढण्यासाठी रोजगार बुडवून चाळीस किलोमीटर यावे लागते, त्याचा विचार करणे ही समता होय. हा विचार शिक्षणसंस्थेच्या रचनेत कसा उतरवता येतो, याचे एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. ते आधुनिक वैद्यकाचे असले तरी आयुर्वेद महाविद्यालयांनी व आपण व्यावसायिकांनी त्याकडे बारकाईने पाहावे, या हेतूने हा लेखनप्रपंच.

खेड्यात वसलेले महाविद्यालय

महात्मा गांधी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास आले. पुढे १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले. १९४४ साली कस्तुरबांचे निधन झाल्यानंतर त्यांच्या नावाने येथे रुग्णालय उभे राहिले. गांधीजींच्या निकटवर्ती वैद्य डॉ. सुशीला नायर यांनी या कार्यात आपले आयुष्य वेचले. १९६२ ते १९६७ या काळात त्या केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, त्यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सेवाग्राम येथे सुरू झाली.

वैद्यकीय महाविद्यालय शहरात काढावयाचे आणि मग त्याची शिबिरे खेड्यात न्यावयाची, असा आपल्याकडील रिवाज. येथे क्रम उलटा झाला. नागपूर सुमारे ७५ किलोमीटरवर असताना महाविद्यालयच खेड्यात आले. संस्थेच्या खर्चाची व्यवस्थाही लक्षात घेण्याजोगी आहे. निम्मा भार केंद्र शासनाने, चतुर्थांश राज्य शासनाने व चतुर्थांश कस्तुरबा हेल्थ सोसायटीने उचलावा, अशी ती रचना. समतेची भाषा करताना तिचा खर्च कोण सोसणार, हा प्रश्न प्रारंभीच सोडवावा लागतो, हे यातून दिसते.

विद्यार्थी कोण, आणि तो शिकतो कोठे?

सेवाग्रामच्या प्रवेशात निम्म्या जागा महाराष्ट्रासाठी व निम्म्या उर्वरित भारतासाठी राखलेल्या असत. अनेक वर्षे संस्था स्वतःची प्रवेशपरीक्षा घेत असे आणि त्यात गांधीविचारांवर स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. देशभर ‘नीट’ ही एकच परीक्षा अनिवार्य झाल्यावर ती पद्धत थांबली. मात्र प्रवेशानंतरचे संस्कार संस्थेने सोडले नाहीत. नव्या विद्यार्थ्यांचा पहिला पंधरवडा गांधीजींच्या आश्रमात जातो. खादी, श्रमदान व सर्वधर्मप्रार्थना यांचा परिचय तेथे होतो. त्यानंतर प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तेथे राहून सामाजिक सेवा शिबिर करते, आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपविली जातात. पुढेही त्याने त्या कुटुंबांशी संबंध ठेवावा, अशी अपेक्षा असते.

यात भावनेपेक्षा शास्त्र अधिक आहे असे आम्ही मानतो. दूरच्या प्रांतातून आलेल्या विद्यार्थ्याला ‘अंगावरून जाते’ या शब्दांमागील व्याधी कळत नाही, आणि शहरी मराठी घरातून आलेल्यालाही ‘मुरडा’, ‘ठणका’, ‘चमक’ यांतील भेद पुस्तकातून उमगत नाही. रुग्णाच्या चार गुणांत चरकाचार्यांनी ज्ञापकत्व, म्हणजे आपली व्यथा सांगता येणे, गणले आहे. पण रुग्ण सांगतो ते वैद्याला समजले नाही, तर ज्ञापकत्वाचा दोष रुग्णाच्या माथी कसा मारावा? विद्यार्थिवर्गात निरनिराळ्या घरांतील, बोलींतील व समाजांतील मुलेमुली असणे ही म्हणूनच चिकित्सेची गरज आहे. एकाला न समजलेले दुसऱ्याला समजते.

येथे आपल्या परंपरेकडेही डोळसपणे पाहिले पाहिजे. सुश्रुताच्या शिष्योपनयनीय अध्यायात वैद्यकाध्ययनाचा अधिकार वर्णाने सीमित केलेला आहे. शूद्राला मंत्र व उपनयन वर्ज्य करून शिकवावे, हे मतही तेथे ‘काही जणांचे’ म्हणून येते. हा इतिहास झाकून ठेवण्याचे कारण नाही. घटनेने दिलेल्या आरक्षणामुळे आज आयुर्वेद महाविद्यालयांच्या वर्गात जे विद्यार्थी बसतात, त्यांतील अनेकांच्या पूर्वजांना या शास्त्राचे दार बंद होते. ते दार उघडल्याने आयुर्वेदाचे बळ वाढले आहे. मात्र वर्गात प्रवेश मिळाला म्हणजे काम संपले असे नव्हे. संस्कृतची पार्श्वभूमी नसलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी हात देणे, वसतिगृहात त्याला परकेपणा वाटू न देणे, ही अध्यापकांची जबाबदारी उरतेच.

ज्वारीचे माप

सेवाग्रामचा सर्वांत बोधप्रद प्रयोग पैशासंबंधीचा आहे. १९८० च्या सुमारास डॉ. उल्हास जाजू व त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांत एक आरोग्यविमा योजना उभी केली. तिची वर्गणी ज्वारीच्या रूपाने घेतली जात असे. शेतकऱ्याच्या घरात धान्य असते ते सुगीला. आजार मात्र पावसाळ्यात बळावतात, जेव्हा बी-बियाण्यात पैसा अडकलेला असतो आणि कणगी रिकामी होत आलेली असते. म्हणून सुगीच्या वेळी ज्वारी द्यावी आणि वर्षभर रुग्णालयाचा आधार मिळावा, अशी योजना. भूमिहीनाने कमी द्यावे, जमीनवाल्याने एकरांच्या प्रमाणात अधिक द्यावे. मिळणारी सेवा मात्र दोघांना सारखीच. जमलेल्या धान्यनिधीतून गावातील आरोग्यसेवकाचाही खर्च भागे.

तिच्या दोन अटी व्यवहारज्ञानाच्या द्योतक आहेत. गावातील ७५ टक्के कुटुंबे सहभागी झाली तरच ते गाव योजनेत येई. यामुळे केवळ आजारी माणसांनीच वर्गणी भरण्याचा धोका टळला आणि गावाला एकत्र बसून निर्णय घ्यावा लागला. दुसरे असे की, अकस्मात उद्भवणाऱ्या आजारासाठी रुग्णालयातील उपचार विनामूल्य असत. बाळंतपण, मोतीबिंदू, हर्निया अशा आधी कल्पना असणाऱ्या गोष्टींसाठी मात्र खर्चाचा चतुर्थांश भाग कुटुंबाने द्यावयाचा असे. रुग्णालयाचा सगळा खर्च ज्वारीतून निघणे शक्यच नव्हते. तो भार शासकीय अनुदानावर होता. पण देणाऱ्याचा स्वाभिमान राहिला, आणि हे रुग्णालय आपले आहे असे म्हणण्याचा अधिकार गावाला मिळाला.

आपल्या व्यवसायाचा आरसा

वाग्भटाचार्यांनी रुग्णाच्या गुणांत ‘आढ्य’ हा शब्द घातला, सुश्रुतांनी ‘द्रव्यवान’ म्हटले. चरकांच्या चार गुणांत मात्र धनाचा उल्लेख नाही. आम्ही व्यवसायाला लागलो तेव्हा हा भेद आम्हांस पाठांतरापुरता ठाऊक होता. त्याचा अर्थ एका ऊसतोड कामगार भगिनीने शिकविला. कटिशूलाने ती त्रस्त होती. आम्ही स्नेहपान, विरेचन व त्यानंतरचा संसर्जनक्रम समजावून सांगितला. शुल्क घेणार नाही, हेही सांगितले. तिने हिशेब केला आणि शांतपणे विचारले, ‘‘डॉक्टर, इतके दिवस कोयता थांबला तर मुकादमाची उचल कोण फेडणार?’’ ती पुन्हा आली नाही.

आमचे शुल्क माफ झाले होते; तिचा रोजगार माफ होणार नव्हता. स्नेहपानाचे तीन ते सात दिवस, विश्रामाचे व विरेचनाचे दिवस, आणि शुद्धीनुसार संसर्जनाचे तीन, पाच किंवा सात दिवस, असा पंधरवडा रोजंदारीच्या माणसाला परवडणारा नसतो. वास्तविक वाट होती. ऊसतोडणीचा हंगाम सामान्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. पावसाळ्यात ही मंडळी गावी असतात. वर्षाऋतू हा वातप्रकोपाचा काळ, आणि बस्ती ही वाताची प्रधान चिकित्सा. आठ दिवसांचा योगबस्ती गावाजवळ, शेतीच्या कामांतील उसंत पाहून देता आला असता. शास्त्राने ऋतू सांगितला होता. त्या ऋतूत रुग्ण कोठे असतो, हे आम्ही विचारले नव्हते. दशविध परीक्षेत सात्म्य व व्यायामशक्ती पाहताना तिच्या उपजीविकेचा प्रश्न सहज विचारता आला असता.

काय करता येईल?

केवळ दोष दाखवून थांबणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. म्हणून काही सूचना विचारार्थ मांडतो.

पहिली सूचना महाविद्यालयांसाठी. भारतीय चिकित्सापद्धती राष्ट्रीय आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार बीएएमएसच्या प्रारंभी किमान पंधरा कार्यदिवसांचा संक्रमण अभ्यासक्रम आहे. सेवाग्रामच्या पंधरवड्याशी त्याचे साम्य सहज ध्यानात येईल. यातील काही दिवस सभागृहातील व्याख्यानांऐवजी एखाद्या गावात घालवावेत. घरे सोपविताना गावकुसाबाहेरची वस्ती, पाडा किंवा तांडा सुटणार नाही, हे अध्यापकांनी जातीने पाहावे. तीच घरे इंटर्नशिपपर्यंत त्या विद्यार्थ्याकडे राहावीत.

दुसरी सूचना संलग्न रुग्णालयांसाठी. केसपेपरवर व्यवसाय, गाव, अंतर व येण्यास लागलेला वेळ यांची नोंद असावी, आणि वर्षाअखेरीस ती वाचली जावी. कोण आले यापेक्षा कोण आले नाही, हे त्यातून कळेल. सकाळी नऊ ते एकच्या बाह्यरुग्ण विभागात शेतमजूर, घरकामगार व बांधकाम मजूर येऊ शकत नाहीत. आठवड्यातून एक दिवस सायंकाळचा विभाग किंवा बाजाराच्या दिवशी तपासणी एवढ्या बदलानेही बराच फरक पडावा. पंचकर्माचे नियोजन त्या भागातील कामाचा हंगाम पाहून करावे.

तिसरी सूचना आपणा व्यावसायिकांसाठी व औषधालयांच्या चालकांसाठी. जेथे एकेरी चूर्णाने किंवा क्वाथाने कार्यभाग होतो, तेथे भारी किमतीच्या कल्पाचा आग्रह का धरावा? अनुपानात गाईचे तूप, दूध, मध लिहिताना रुग्णाच्या घरात ते आहे काय, हे विचारावे. नसल्यास प्रकृती व व्याधी पाहून कोष्ण जलासारखे सुलभ अनुपान योजावे. औषधालयांनी महिन्याच्या मोठ्या बाटलीबरोबर आठवड्याच्या मात्रेचे छोटे वेष्टनही ठेवावे. ज्याची मिळकत आठवड्याच्या बाजाराला हाती येते, तो महिन्याचे औषध एकदम घेऊ शकत नाही. मग तो निम्मे घेतो किंवा घेतच नाही, आणि ‘आयुर्वेदाचा गुण आला नाही’ हा ठपका मात्र आपल्या शास्त्रावर बसतो. वेष्टनावर मात्रा व काल ठळक मराठीत छापणेही तितकेच अगत्याचे.

चौथी सूचना आपल्या संघटनेसाठी. एका तालुक्यातील दहा-बारा वैद्यांनी व दोन-तीन औषधालयांनी एकत्र येऊन एक गाव निवडावे आणि सुगीच्या वेळी यथाशक्ति वर्गणी, वर्षभर सेवा, असा छोटा प्रयोग करून पाहावा. ज्वारीच ठेवावी असे नाही. सोयाबीन, भात, कापूस, जे त्या भागातील पीक असेल त्याच्या हंगामाशी वर्गणी जुळावी, एवढेच तत्त्व. प्रयोग फसला तर का फसला, तेही याच पानांवर लिहावे.

सेवाग्रामचा प्रयोग निर्दोष होता असा आमचा दावा नाही, आणि तो जसाच्या तसा उचलता येईल असेही नाही. त्यातून घ्यावयाचे ते इतकेच की, विद्यार्थी कोणते घ्यावेत, ते कोठे शिकावेत आणि मोबदला केव्हा व कसा घ्यावा, हे ठरवीत असतानाच गरीब रुग्ण समोर ठेवावा लागतो. रुग्णालय बांधून झाल्यावर त्याच्यासाठी जागा शोधू गेल्यास ती सापडत नाही. उपकल्पनीय अध्यायाचे पान पुन्हा उघडताना आपण या वेळी थोडे पुढे वाचू या. वास्तूचे वर्णन संपते तेथे न थांबता, दरिद्री रुग्णाचा उल्लेख येतो तेथपर्यंत.