नाक मुरडणारं पिल्लू

मांजराचं पिल्लू वाटी हुंगतं, शेजारची फरशी पंजाने खरवडतं आणि निघून जातं. त्याला लाडोबा ठरवण्याआधी त्याचं नाक पाहा. मांजर चवीपेक्षा वासावर जेवतं. गोड चव तर त्याला कळतच नाही. ती ओळखणारं एक जनुक मांजरकुळात निकामी झाल्याचं २००५ मध्ये दिसून आलं. सर्दीने नाक चोंदलं, की समोरची मासळीही त्याच्या लेखी नसल्यासारखी. फ्रिजमधलं ओलं खाद्य कोमट केलं, की वास सुटतो आणि पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं.

दुसरं कारण घरातली मंडळी. एकट्याने शिकार करून एकट्यानेच खाणाऱ्या पूर्वजांचा हा वंशज. कुत्रा जिभल्या चाटत उभा असेल, तर पिल्लू जेवेल कसं? त्याची वाटी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवा, मोठ्या मांजराला वेगळ्या खोलीत वाढा. वाट्या ओळीने मांडून सहभोजन घडवण्याची हौस फक्त माणसांची.

पिल्लू कुत्र्याच्या खाद्यावर ताव मारू लागलं, तर मात्र खूश होऊ नका. मांजराच्या शरीरात टॉरिन पुरेसं तयार होत नाही, ते मांस-मासळीतून मिळावं लागतं. ते कमी पडलं तर हृदयाचे स्नायू दुबळे होतात, हे १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधनातून पुढे आलं. कुत्र्याच्या खाद्यात ते मांजराच्या गरजेइतकं असेलच असं नाही. दूध-पोळीत तर नाहीच.

आणि पिल्लाने दिवसभर तोंडच लावलं नाही, तर उद्याची वाट न पाहता पशुवैद्य गाठा. इवल्या शरीरातली साखर झपाट्याने उतरते.