राजोडीच्या खाऱ्या पाण्यातला हायड्रोजन

हायड्रोजन हे सर्वांत हलके मूलद्रव्य. अणूत एक प्रोटॉन, एक इलेक्ट्रॉन. बहुतेक अणूंत न्यूट्रॉन नसतोच. अणुअंक १ असल्याने आवर्तसारणीत त्याला सोडियम-पोटॅशियमच्या डोक्यावर बसवतात, पण तो धातू नाही. एक इलेक्ट्रॉन देताना तो सोडियमसारखा वागतो, एक घेताना क्लोरीनसारखा. तेव्हा सारणीतले त्याचे घर सोयीपुरते मानलेले बरे.

हवेत मोकळा हायड्रोजन नाममात्र सापडतो; पाण्यात मात्र तो ऑक्सिजनशी बांधलेला असतो. एक लिटर शुद्ध पाण्यात सुमारे ११२ ग्रॅम हायड्रोजन असतो. तो सगळा वायुरूपात सुटला, तर ० अंश सेल्सिअस तापमानाला आणि हवेच्या सामान्य दाबाला सुमारे १,२४० लिटर जागा व्यापेल. किंचित आम्ल घातलेल्या पाण्यातून वीज सोडली की ऋणाग्रापाशी हायड्रोजन आणि धनाग्रापाशी ऑक्सिजन जमतो, आकारमानाने दोनास एक. पालघर जिल्ह्यातल्या राजोडीच्या किनाऱ्यावरचे खारे पाणी घेतले, तर गणित बदलते. ऋणाग्रापाशी हायड्रोजनच निघतो, पण मिठामुळे धनाग्रापाशी मुख्यतः क्लोरीन सुटतो आणि उरलेले पाणी अल्कधर्मी होते. क्लोरीन विषारी असल्याने हा प्रयोग बंद खोलीत करू नये.

शाळेत हायड्रोजन मिळवतात तो जस्तावर विरल आम्ल टाकून. १७६६ मध्ये हेन्री कॅव्हेंडिशने अशाच पद्धतीने मिळवलेल्या वायूचे गुणधर्म मोजून तो वेगळा वायू असल्याचे दाखवले. त्याला रंग नाही, वास नाही. हवेपेक्षा तो सुमारे १४ पट हलका. परीक्षानळीच्या तोंडाशी जळती काडी नेली की ‘फट्’ असा आवाज होतो आणि पाणी तयार होते. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन मिसळला, तर ठिणगीने ते मिश्रण पेटते. जत्रेतल्या फुग्यात हेलियमऐवजी हा वायू भरणे धोक्याचे, ते यामुळेच.

कारखान्यांत मुख्यतः नैसर्गिक वायू आणि वाफेपासून हायड्रोजन बनवतात. नायट्रोजनशी संयोग घडवून त्याचा अमोनिया होतो, अमोनियापासून युरिया. रायगड जिल्ह्यातील थळच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात हेच चालते. तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळला की वनस्पती तूप थिजते.

थळला आणखी एक काम होते. निसर्गातल्या साधारण ६,४०० हायड्रोजन अणूंमागे एकाच्या केंद्रकात एक न्यूट्रॉन असतो. हा ड्युटेरियम, हॅरॉल्ड युरी यांनी तो १९३१ मध्ये शोधला. त्याचे पाणी म्हणजे जड पाणी. ते ३.८ अंशांना गोठते आणि त्याचा बर्फ साध्या पाण्यात बुडतो. थळच्या जड पाणी प्रकल्पात खत कारखान्याच्या वायूतला ड्युटेरियम अमोनियात ओढून घेतला जातो.

हे पाणी लागते ते कुठे, याचे उत्तर राजोडीच्याच जिल्ह्यात आहे. तारापूरच्या १९६९ मधल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या साध्या पाण्यावर चालणाऱ्या. साधा हायड्रोजन न्यूट्रॉन शोषतो, म्हणून त्यांना समृद्ध युरेनियम लागते. २००५ आणि २००६ मध्ये सुरू झालेल्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या तिसऱ्या-चौथ्या भट्ट्यांत जड पाणी आहे. ड्युटेरियम न्यूट्रॉनांचा वेग कमी करतो, पण फारच थोडे गिळतो. त्यामुळे नैसर्गिक युरेनियमवर भागते. जे थोडे गिळले जातात, त्यांतून ट्रिटियम हा तिसरा समस्थानिक तयार होतो. तो किरणोत्सारी असून त्याचा अर्धायुकाल सुमारे १२.३ वर्षे आहे. म्हणून भट्टीतले जड पाणी बाहेर झिरपू नये यासाठी कडक काळजी घ्यावी लागते.