बिघाडातही मासे जगवणारा नियंत्रक

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी मत्स्यटाकी काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे ५६ लिटर पाणी मावते. तळाची खडी, दगड आणि वर सोडलेली मोकळी जागा वजा केली तर ते ५० लिटरच्याही खाली येते. नदी वा तळ्यातील अफाट जलसाठ्याचे तापमान सावकाश बदलते, एवढ्याशा पाण्याचे मात्र खोलीतील हवेबरोबर भराभर बदलते. त्यात पाणी जितके गरम होते, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी राहतो: २० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास, तर ३० अंशांना साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. नेमक्या त्याच वेळी माशांची शारीरिक क्रिया वाढून त्यांना अधिक प्राणवायू लागतो. म्हणूनच हीटर, पंखा, दिवे आणि हवेचा पंप वेळच्या वेळी चालूबंद करणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ही चैनीची वस्तू नसून माशांच्या जगण्याशी थेट निगडित असलेली सोय आहे.

असा नियंत्रक घरी तयार करणे आज शक्य आहे, याचे मोठे श्रेय ‘आर्डुइनो’ या इलेक्ट्रॉनिक पाटीला, म्हणजे सर्किट बोर्डला, द्यावे लागते. इटलीतील इव्रेआ येथील एका डिझाइन संस्थेत २००५ साली, इलेक्ट्रॉनिक्सचे औपचारिक शिक्षण नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी ती तयार करण्यात आली, आणि तिचा आराखडा सर्वांसाठी खुला ठेवला गेल्यामुळे तिच्या स्वस्त प्रतिकृती जगभर निघाल्या; मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत त्या सहज मिळतात. तिच्या ‘उनो’ या आवृत्तीवरील मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकाच चिपवर सामावलेला छोटा संगणक, अवघ्या २ किलोबाइट कार्यस्मृतीवर चालतो. टाकीतील पाण्याचे तापमान मिनिटामिनिटाने नव्हे तर तासातासाने बदलत असल्यामुळे ही क्षमता या कामासाठी पुरून उरते.

पाण्याचे तापमान मोजण्यासाठी सहसा ‘डीएस१८बी२०’ हा संवेदक वापरतात. पोलादी नळीत बंद केलेला हा सेन्सर तीन तारांनी पाटीला जोडला जातो, त्याच्या संकेताच्या तारेवर ४.७ किलोओहमचा एक रोध बसवावा लागतो, आणि तो अर्ध्या अंशाच्या आतबाहेर अचूक वाचन देतो. मात्र त्याच्या दोन सवयी नवशिक्याने आधीच जाणून घ्यायला हव्यात. वीज मिळाल्यानंतर पहिले मोजमाप पूर्ण होण्यापूर्वीच त्याला विचारणा झाली, तर तो ८५ अंश हे उत्तर देतो. आणि तार तुटली किंवा सुटली, तर त्याच्यासोबत सर्रास वापरला जाणारा तयार प्रोग्राम उणे १२७ हा आकडा पुढे पाठवतो. ‘तापमान २५ अंशांहून कमी असेल तर हीटर चालू कर’ एवढीच आज्ञा ज्या नियंत्रकाला दिलेली असते, त्याच्या लेखी उणे १२७ म्हणजे कडाक्याची थंडी. तो हीटर चालू करतो आणि तार पुन्हा जोडली जाईपर्यंत बंद करत नाही. शंभर वॉटचा हीटर ५० लिटर पाणी, बाहेर जाणारी उष्णता हिशेबात न धरल्यास, साधारण ३५ मिनिटांत एक अंशाने तापवतो. प्रत्यक्षात हा वेग कमी असतो, तरीही घरातील माणसे झोपेत असताना एक सुटी तार टाकीतील सगळे मासे मारू शकते. त्यामुळे १५ ते ४० अंशांच्या बाहेरचे कोणतेही वाचन तापमान म्हणून न स्वीकारता त्याला बिघाड समजावे, हीटर तत्काळ बंद करावा आणि बझर वाजवावा, ही आज्ञा प्रोग्राममध्ये सर्वांत आधी लिहिली गेली पाहिजे.

पाटीतून बाहेर पडणारा क्षीण संकेत २३० व्होल्टची उपकरणे थेट चालवू शकत नाही. ते काम रिले करतो. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने हलणारा स्विच असून त्याला दोन प्रकारचे संपर्क असतात: एक एरवी उघडा राहून संकेत मिळाल्यावर जुळणारा, आणि दुसरा एरवी जुळलेला राहून संकेत मिळाल्यावर उघडणारा. हीटर पहिल्या प्रकारच्या संपर्कावर आणि हवेचा पंप दुसऱ्यावर जोडला, तर नियंत्रक पूर्णपणे बंद पडला तरी हीटर आपोआप थांबतो आणि पंप चालूच राहतो. फक्त तारा कोठे जोडायच्या एवढ्याच निर्णयातून साधणारी ही सुरक्षितता कोणत्याही महागड्या सुट्या भागातून मिळत नाही. तापमान ठरलेल्या अंकाच्या किंचित वरखाली झाले की रिले सतत टकटक करत राहू नये म्हणून २५.५ अंशांना चालू आणि २६.५ अंशांना बंद असे अंतर ठेवतात. तरीही कालांतराने ठिणग्यांमुळे संपर्क एकमेकांना चिकटू शकतात, आणि तसे झाल्यावर प्रोग्रामच्या हाती काहीच उरत नाही. यावर उपाय म्हणजे हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट काढून न टाकता नियंत्रकाच्या मर्यादेपेक्षा एकदोन अंश वर लावून ठेवणे. पहिला पहारा चुकला तर दुसरा जागा असतो.

महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत मात्र वर्षातील बराच काळ पाणी तापवण्यापेक्षा ते थंड ठेवण्याचीच चिंता अधिक असते. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारा १२ व्होल्टचा छोटा पंखा बाष्पीभवन वाढवतो, आणि जेमतेम ९० मिलिलिटर पाणी वाफ होऊन गेले तर ५० लिटर पाण्यातून एक अंशाइतकी उष्णता निघून जाते. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय चांगला लागू पडतो, कोकणच्या दमट हवेत कमी. पातळी घटत जाते म्हणून चुंबकाचा तरंगता स्विच बसवून, हीटर उघडा पडण्यापूर्वीच तो बंद होईल अशी व्यवस्था करावी लागते, कारण पाण्याबाहेर तापलेली हीटरची काच तडकते.

दिवे ठरल्या वेळी चालूबंद करण्याचे काम तुलनेने सोपे आहे. नाण्याएवढ्या बॅटरीवर चालणारी ‘डीएस३२३१’ ही घड्याळाची चिप लोडशेडिंगमध्येही वेळ राखते आणि वर्षभरात तिची चूक सुमारे एका मिनिटाच्या आत राहते. याउलट पाण्याची आम्लता मोजणारा पीएच संवेदक वारंवार प्रमाणित द्रावणात बुडवून जुळवावा लागतो. त्याच्या वाचनावर विसंबून पाण्यात आपोआप रसायन सोडणारी यंत्रणा घरगुती नियंत्रकात नसावी, हेच बरे.

पाणी आणि वीज शेजारी नांदणार असल्यामुळे काही पथ्ये अनिवार्य ठरतात. टाकीच्या सर्व जोडण्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमागे, असाव्यात; प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ घेऊन वर जावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न शिरता खाली गळेल; २३० व्होल्टचा भाग आणि पाटी वेगवेगळ्या कप्प्यांत बंद असाव्यात, आणि या भागाची जोडणी जाणकार इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावी. मायक्रोकंट्रोलरमधील ‘वॉचडॉग’ ही सोयही सुरू ठेवावी. प्रोग्राम अडकून ठरलेल्या काही सेकंदांत त्याच्याकडून खूण आली नाही, तर ती चिपला नव्याने सुरू करते.

एवढे झाल्यावरही नियंत्रक लगेच माशांच्या टाकीला जोडू नये. प्रथम पाण्याने भरलेल्या बादलीत हीटर आणि संवेदक सोडून तो काही दिवस चालवावा. या काळात संवेदकाची तार मुद्दाम उपसून हीटर थांबतो का, पाटीचा वीजपुरवठा तोडून पंप चालू राहतो का, आणि मुख्य वीज घालवून परत आणल्यावर घड्याळ योग्य वेळ दाखवते का, हे पाहावे, आणि यांतील एकही चाचणी फसली तर दोष सापडेपर्यंत नियंत्रक बादलीतच ठेवावा.