खारी हवा आणि घराबद्दलचे गैरसमज

"अजून तीस वर्षं कुठे झालीत? ऑडिटचा खर्च आत्ताच कशाला?" वसईजवळच्या पापडीतल्या काय किंवा विरारमधल्या काय, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हा प्रश्न निघाला की सगळे सुटल्यासारखे माना डोलावतात. तिशीचा आकडा हवेतून आलेला नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार तीस वर्षं उलटलेल्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून करून घेणं मालकांवर आणि रहिवाशांवर बंधनकारक आहे. पण गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी याच्या कितीतरी आधी सुरुवात करायला सांगतात: पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी, त्यापुढे दर तीन वर्षांनी. ही तरतूद बहुतेक सोसायट्यांच्या कपाटातल्या उपविधींच्या पुस्तकात छापलेली असते, फक्त ते पुस्तक कुणी उघडत नाही. २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत कोसळली आणि १७ जणांचा जीव गेला. तिला तिशी गाठायला अजून बराच अवकाश होता.

आपल्याकडे इमारत वयाच्या आधी म्हातारी का होते, याचं उत्तर पापडीच्या हवेत आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, मध्ये मिठागरं. इथे दुसरा गैरसमज भेटतो: स्लॅबचे पोपडे निघाले म्हणजे रंगाऱ्याचं काम निघालं. जिन्याखालचा किंवा छज्ज्याचा तळ एकदा मान वर करून नीट बघा. रंगाचे पापुद्रे कुठेही आणि कसेही सुटतात. सळईचा तडा मात्र सरळ रेघेत, सळई जाते तिथूनच जातो आणि त्याच्या कडेला तांबूस डाग असतो. हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोकलं की भरीव जागी टणक आवाज येतो, पोकळ जागी ढब्ब.

आत काय चाललेलं असतं? चांगल्या काँक्रीटच्या अल्कधर्मी गुणामुळे सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर असतो. मिठातलं क्लोराइड ओलीबरोबर आत झिरपतं आणि तो थर फोडतं. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट आतून ढकललं जाऊन फुटतं. म्हणूनच आयएस ४५६ हे भारतीय मानक समुद्रकाठच्या हवेला उघड्या असणाऱ्या बांधकामात सळईवर किमान ४५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण मागतं. जुन्या छज्ज्यांत सळई बोटभरही आत नसते. अशा जागी सिमेंटचा गिलावा थापून वर रंग मारला की गंज आत तसाच चालू राहतो, आणि पुढच्या वेळी तुकडा पडतो तो गिलाव्यासकट. खरी दुरुस्ती म्हणजे सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढणं, सळई घासून चकचकीत करणं, झिजली असेल तर जोड सळई देणं, गंजरोधक लावणं आणि मग पॉलिमर मॉर्टर भरणं. त्याआधी वरून येणारं पाणी थांबवायचं, हे तर झालंच. वरच्या न्हाणीघरातली गळती तशीच ठेवून खालच्या घरात हजारो रुपये ओतणारी मंडळी कमी नाहीत.

बांधकामाला कुठलंही पाणी चालतं, ही समजूत तर वसईत विशेष महाग पडते. इथल्या कित्येक बोअरचं पाणी मचूळ आहे. सळईच्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड नसावं, असं तेच मानक सांगतं. न धुतलेल्या खाडीच्या रेतीचंही तेच. खारट पाण्यात कालवलेल्या स्लॅबचा रोग जन्मापासूनचा असतो. घरात एखादी खोली वाढवत असाल तर ठेकेदाराला पाण्याच्या तपासणीचा कागद मागा. तो हसेल, तरी मागा.

आता उलट बाजू. कौलारू घर म्हणजे कच्चं घर, असं मानून पापडी-वसईतल्या जुन्या घरांना गेल्या काही दशकांत सिमेंटचा गिलावा चढवला गेला. दगड आणि चुन्याची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती सुकतेही. सिमेंटने तोंड बंद केलं की ओल आत अडकते, तिच्याबरोबरचं मीठ आतच साठतं, आणि धडधाकट भिंत आतून भुगा होऊ लागते. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा हवा, आणि पागोळ्यांचं पाणी पायापासून लांब न्यायला हवं.

गच्चीवर पत्रा टाकला की गळती संपली, हे अर्धसत्य. पाऊस अडतो. भिंतीतल्या सांडपाण्याच्या गळक्या पाइपला मात्र पत्र्याचं सोयरसुतक नाही.

"आम्ही तिसऱ्या मजल्यावर, पुराचं आम्हाला काय?" जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं तेव्हा वरच्या मजल्यांवरही दिवे नव्हते. तळमजल्यावरची मीटरपेटी बुडाली की सगळी इमारत अंधारात जाते. पंप बसतो, जमिनीखालच्या टाकीत गटाराचं पाणी शिरतं. मीटरची खोली आणि पंपाचा स्टार्टर मागच्या पुराच्या खुणेच्या वर नेणं हा एकदाचा खर्च आहे. आणि एमसीबी बसवलाय म्हणजे शॉक लागणार नाही, असं समजू नका. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो. माणसाला वाचवतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, आणि तोही त्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून तपासलेला हवा.

राहिला विमा. गृहकर्जाबरोबर बँकेने विमा काढला म्हणजे घराचा विमा झाला, असं अनेकांना वाटतं. तो बहुधा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. घर पडलं तर त्यातून छदामही येत नाही. कागद काढून बघा. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने ठरवून दिलेली 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे. त्यात आग, पूर, वादळ, भूकंप येतात. रक्कम फ्लॅटच्या बाजारभावावर ठरत नाही, कारण जमीन वाहून जात नसते; चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर असा हिशोब असतो. समजा ५०० चौरस फूट आणि २,५०० रुपये दर, तर साडेबारा लाख. सामानासाठी त्याच्या वीस टक्के, म्हणजे अडीच लाख, आपोआप धरले जातात, कमाल मर्यादा दहा लाख. दागिन्यांसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. हळूहळू झालेली झीज, गंज, वर्षानुवर्षांची ओल यांचे पैसे मात्र कुठलीच कंपनी देत नाही. भाडेकरूलाही नुसत्या सामानाचा विमा काढता येतो, त्यासाठी घर स्वतःच्या नावावर असण्याची अट नाही.